ट्रेंटचा तिसरा हात

लिंडर क्रीक, नेब्रास्का
शनिवार, २९ नोव्हेंबर २०१४

जोलीन,

पाकीट न फोडता केरात टाकणार असशील तर खुशाल टाक. मी काही तुझ्या पाया पडायला लिहीत नाहीये. मागच्या ईस्टरला तू आमच्या अंगणात उभी राहून जे बोललीस ते मी विसरलेले नाही, आणि मी काय बोलले ते तूही विसरली नसशील. फिट्टंफाट झाली.

तुला वाटतं तू शेरीफला फोन केलास म्हणजे बहिणीचं कर्तव्य केलंस. बाई गं, आला तो शिपाई ट्रेंटबरोबर दर वर्षी हरणं मारायला जातो. दारात उभं राहून दोघं बंदुकीबद्दल बोलले. मग त्याने मला विचारलं, पडलात का ताई? मी म्हटलं, हो, बर्फावरून घसरले. एप्रिल चालू होता. त्याने तेच लिहून घेतलं आणि टोपी घालून गेला. तू दुसऱ्या दिवशी विमानात बसून ओरेगॉनला गेलीस. मी इथेच राहिले. तुझ्या फोनची किंमत कोणी चुकती केली हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही, याचा मला अजून राग आहे.

मग आत्ताच का लिहितेय? कार्डांचे दिवस आलेत म्हणून. एरवी मला पोस्टात काय काम होतं, किती वेळ लागला, वाटेत कोण भेटलं, सगळं सांगावं लागतं. डिसेंबरात कोणी विचारत नाही. ट्रेंटच्या ट्रॅक्टरच्या दुकानाची तीनशे गिऱ्हाइकं आहेत आणि तीनशे जणांना नाताळाचं कार्ड गेलंच पाहिजे. वर आमचा चौघांचा फोटो. तो म्हणतो, शेतकरी ट्रॅक्टर घ्यायच्या आधी विकणाऱ्याचं घर बघतो. तीनशे पाकिटांत एक जास्त गेलं तर कोणाला कळतंय! आज तिकिटं आणायला बाहेर पडलेय आणि पोस्टाच्या दारात गाडी लावून हे लिहितेय.

फोटो काल काढले. थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की पावात घालून सगळ्यांना खायला दिली, आणि मग सगळ्यांना लाल चौकड्यांचे शर्ट. हो, कुत्र्यालाही. गावात स्टुडिओ आहे, पण ट्रेंटला घरचेच फोटो लागतात. घर दिसलं पाहिजे. तिपाईवर कॅमेरा लावायचा, बटण दाबायचं, पळत येऊन सोफ्यावर बसायचं. थोडं थांबून कॅमेरा स्वतःच लागोपाठ फोटो काढत सुटतो, टक टक टक टक.

"ब्रिन, हस."

"हसतेय की, बाबा."

"याला हसणं म्हणतात? गाईला ओकारी आल्यावर गाय अशी दिसते. सेडी, तू सांग, ताई गाईसारखी दिसते की नाही?"

सेडी पाच वर्षांची आहे, तिला बिचारीला काय कळणार? ती हसली. ट्रेंट म्हणाला, बघ, हिला जमतं. तुला तेरावं लागलं तरी जमत नाही.

ट्रेंटचा एक हात कायम कोणाच्या तरी मागे असतो, हे तुझ्या लक्षात आलंय का? आमची जुनी कार्डं ठेवली असशील तर काढून बघ. बोटं मानेवर, केसांच्या खाली. दाबली की हनुवटी वर येते, आणि हनुवटी वर आली की चेहरा छान दिसतो. कॅमेऱ्याला ती बोटं दिसत नाहीत. मला हे इतकं नीट ठाऊक आहे कारण ब्रिनच्या आधी ती मान माझी होती.

तर ब्रिन शेवटी हसली. माझी करंगळी तिपाईत सापडली आणि मोडली. तिपाई मिटताना. तुला वाटतंय तसं काही नाही. फक्त तिपाई तो मिटत होता.

डार्ला


रविवार, ७ डिसेंबर

जो,

मागच्या पत्राचं उत्तर पाठवू नकोस हे सांगायचं राहिलं. तू कुठली पाठवतेस म्हणा. पण तरी.

कार्डं आली. त्यावर मीच काम केलं, दर वर्षी मीच करते, आणि तुझी बहीण या कामात गावात एक नंबर आहे. चौघंजण एकाच क्षणी कॅमेऱ्याकडे बघून हसलेत असं आमच्या घरात आजवर एकदाही झालेलं नाही. म्हणून ज्या फोटोत जो बरा दिसतो तिथून त्याला उचलायचं आणि एका सोफ्यावर आणून बसवायचं. मागच्या वर्षी सेडीचं धड एका फोटोतलं होतं आणि डोकं दुसऱ्या. कुत्रा तर आदल्या वर्षीचा होता, कारण त्या वर्षीचा लंगडत होता. लोक फोन करून म्हणाले, काय गं गोड कुटुंब!

या वेळी ट्रेंट चांगला आला तो फोटो वेगळा. त्यात त्याचा एक हात माझ्या खांद्यावर आहे, दुसरा मांडीवर बसलेल्या सेडीच्या पोटावर. पण त्यात ब्रिन खाली बघतेय. ब्रिनचं हसू एकाच फोटोत सापडलं, सगळ्यात शेवटच्या. मग ती तिथून कापून इथे आणली. काम किचकट, आणि माझा डावा डोळा बंद होता. कपाटाचं दार लागलं. एका डोळ्याने जेवढं होईल तेवढं केलं.

छापायला द्यायच्या आधी ट्रेंटने बघितलं. कशाकडे बघितलं ते सांगू? स्वतःच्या दाढीकडे, स्वतःच्या दातांकडे आणि स्वतःच्या पोटाकडे.

"पोट थोडं आत घे."

घेतलं.

"अजून थोडं. हां. आता कसं माणसासारखं दिसतोय."

माझ्याकडे बघितलं नाही, मुलींकडेही नाही. मला ठाऊकच होतं.

एक कार्ड सोबत ठेवलंय. चहा घे, बस आणि निवांत बघ. ब्रिन किती उंच झालीये! तिच्याकडे नीट बघ, जो. घाई करू नकोस.

डार्ला


रविवार, १४ डिसेंबर

जो,

कार्डं सगळीकडे पोचली आणि बुधवारी पोस्टातल्या अर्डेलने काउंटरपलीकडून मला हाक मारली. मागे रांग उभी होती.

"डार्ला! अगं तुझ्या नवऱ्याला हात किती?"

"का गं?"

"मला तीन दिसतायत! एक तुझ्या खांद्यावर, एक धाकटीच्या पोटावर आणि हा बघ, थोरलीच्या मानेवर. अंगठीसकट! शाळेत कुस्ती जिंकल्याची अंगठी ती, सगळ्या गावाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर विकायला दोन हात पुरेनात वाटतं?"

रांग खो खो हसली. मीही हसले. अर्डेलने कार्ड काउंटरमागच्या फळ्यावर लावलंय. खाणावळीत एक लागलंय. चर्चमध्ये कॉफीच्या टेबलावर पाद्रीबाईंनी ठेवलंय, म्हणे देवाने ट्रेंटला सेवेसाठी जादा हात दिला. दोन दिवसांत गावभर झालं. ट्रेंटला दुकानात लोक तीन हातांनी टाळी देतात. आणि तोही काय रंगतो! म्हणतो, काय करणार, दोन हात बायकोच्या ताब्यात, धंद्याला एक नको का? आडवे पडेपर्यंत हसवतो लोकांना. तो गाडी वळवून घराच्या रस्त्याला लागेपर्यंत हसत असतो.

शुक्रवारी तो घरी आला आणि त्याने कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मुलींना म्हणाला, खोलीत जा. सेडी गेली. ब्रिन दारात उभी राहिली.

"मोज," तो मला म्हणाला.

"ट्रेंट, चूक झाली. माझा डोळा..."

"मी विचारलं का डोळ्याचं? मोज म्हटलं. मोठ्याने."

मी एक म्हटलं तेव्हा त्याने माझे केस धरून तोंड टेबलावर आपटलं, कार्डावरच. दोन म्हटलं तेव्हा नाक फुटलं, त्याचा आवाज मलाच ऐकू आला. तीन मी म्हटलं नाही, मग त्याने स्वतः म्हटलं. मी फरशीवर होते आणि तो बुटाने बरगड्या शोधत होता, थांबून थांबून, नेम धरून. ब्रिन ओरडली तेव्हा तो तिच्याकडे वळला, आणि मी त्याचा पाय धरून ठेवला. धरून ठेवला म्हणजे मिठी मारली, जो. ज्या पायाने लाथा बसत होत्या त्याच पायाला मिठी मारून बसले होते.

त्याला चूक म्हटलं, अर्डेलला चूक म्हटलं, पाद्रीबाईंनाही. तुला चूक म्हणवत नाही. तो हात पुसणं चहा गाळण्याइतकं सोपं काम होतं. ब्रिनला कापून आणताना तो तिच्याबरोबर आला आणि मी तो ठेवला. एका डोळ्यानेसुद्धा स्वच्छ दिसत होता.

मला वाटलं, तीनशे घरं आहेत. महिनाभर फ्रिजवर लागेल. फ्रिजमधलं दूध घेताना कोणाची तरी नजर जाईल आणि तो माणूस म्हणेल, बापाची बोटं मुलीच्या मानेत एवढी रुतलेली का? नखं पांढरी का पडलीत? एका माणसाने तरी म्हणावं, एवढंच हवं होतं. सगळ्यांनी हात मोजले. सगळे हसले. माझ्या गावात एवढे आंधळे आहेत हे मला माहीत नव्हतं, किंवा होतं, देव जाणे.

डार्ला


शनिवार, २० डिसेंबर

जोलीन,

अक्कल गहाण ठेवली होतीस का?

सगळ्या गावाने हात मोजले, आणि तो हात तिथे का, हे तू एकटीने विचारलंस. त्याबद्दल तुझे पाय धरीन. पण विचारायला तुला आमच्या घरचाच फोन मिळाला? तोही संध्याकाळी, तो घरात असताना?

त्याने फोन उचलला. मला तुझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. "माझ्या भाचीच्या मानेवर तुझा हात काय करतोय?" तो म्हणाला, "कोण, जोलीन? बरी आहेस ना? डार्ला कामात आहे." गोड, अगदी गोड. त्याने फोन ठेवला आणि मग भिंतीतून तार उपटली. तिकडे तू पुन्हा पुन्हा लावत राहिली असशील. इकडे त्या तारेचं काय झालं ते माझ्या पाठीला विचार. मला उजव्या कानाने ऐकू येत नाहीये. जबडा एका बाजूला राहतो, चमच्याने पातळ घेते. त्याला कळलंय की मी तुला लिहिते आणि कळलंय की तो हात मी ठेवला. बोलला काहीच नाही. तो बोलत नाही तेव्हाच जास्त मारतो.

आणि तरी, तुला सांगते, तारेचा फटका बसत असताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, जोने बघितलं. तिने बघितलं.

आता ऐक. उद्या चर्चहून आल्यावर पुन्हा फोटो काढायचे आहेत. नवीन वर्षाचं कार्ड, "या वेळी हात बरोबर दोनच" असं वर छापून. त्याचीच कल्पना. म्हणतो, गाव हसतंय तर गावाबरोबर हसायचं. माझं तोंड दाखवण्यासारखं नाही, म्हणून मी कॅमेऱ्यामागे उभं राहायचं आणि बटण दाबायचं. "तुझं थोबाड मागच्या वर्षीचं चिकटव," म्हणाला.

मला भीती माझी नाही. आज सकाळी नाश्त्याला त्याने सेडीला मांडीवर घेतलं आणि तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली, अशी हलकी, माप घेतल्यासारखी. "आता हिलाही शिकवायला हवं," म्हणाला. सेडी हसली, तिला गुदगुल्या झाल्या. मी ब्रिनकडे बघितलं. ब्रिन पूर्वी अशा वेळी रडायची. आता रडत नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नाही, हाताकडे बघते. तिचं ते बघणं मला आवडलं नाही.

फोन करू नकोस. तू ये. गाडी काढ, विमान पकड, काय वाटेल ते कर, पण ये आणि मुलींना घेऊन जा. माझं मी बघते. हे पत्र उद्या चर्चमध्ये अर्डेलच्या हातात देईन, तुझ्यापर्यंत केव्हा पोचेल कोणास ठाऊक. मागच्या वेळी मी तुला अंगणातून हाकललं होतं. या वेळी मी शिव्या दिल्या तरी जाऊ नकोस.

डार्ला


काउंटीचा तुरुंग
रविवार, ११ जानेवारी २०१५

जो,

तू मुलींना घेऊन गेलीस हे इथल्या बाईने सांगितलं. मला न भेटता गेलीस तेही बरं केलंस. तोंड बघून तू रडली असतीस, मग मुली रडल्या असत्या, आणि मला ते काचेच्या अलीकडून बघावं लागलं असतं.

इथे पत्र वाचून मग पुढे पाठवतात. म्हणून मी जबाबात जे सांगितलं तेच तुला सांगते, शब्दाला शब्द.

त्या रविवारी चर्चहून आलो. त्याने सोफा ओढून शेकोटीजवळ आणला, जाळ फोटोत छान दिसतो म्हणून. मधे तो, एका बाजूला ब्रिन, दुसऱ्या बाजूला सेडी. मी कॅमेऱ्यामागे. सेडीला शर्टाची कॉलर टोचत होती, ती मुसमुसत होती. तो म्हणाला, हस. ती जास्तच रडायला लागली. मग त्याने तिच्या मानेला हात घातला. पाच वर्षांच्या मुलीची मान त्याच्या मुठीत सगळी मावते. हसू आलं नाही. रडणं थांबलं, कारण आवाजच बंद झाला आणि ती पाय हवेत झाडायला लागली. तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, दात दाखवून. माझं बोट बटणावर होतं, टक टक टक चालू होतं.

मग मी कॅमेऱ्यामागून निघाले, सोफ्याला वळसा घालून शेकोटीपाशी गेले, लाकडं सारायची लोखंडी सळई उचलली आणि मारली. पहिली कानामागे बसली. तो अर्धा उठला आणि "पोरी" म्हणाला. मला म्हणाला. मलाही तो कधी कधी पोरी म्हणायचा. दुसरी कपाळावर बसली. त्यानंतर तो काही बोलला नाही, पण सळई थांबली नाही. सोफा, भिंत, कुत्र्याचा शर्ट, सगळं लाल झालं. किती वेळा मारलं ते मला आठवत नाही. पोलिसांनी मोजलंय, त्यांना विचार.

वकील पोरगेला आहे, भला आहे. तो सारखा विचारतो, "ताई, कॅमेऱ्यापासून शेकोटी एवढी लांब. तुम्ही एवढा वळसा घालून येईपर्यंत तो नुसता बसून राहिला?"

मी म्हटलं, फोटो चालू असताना ट्रेंट कॅमेऱ्यावरची नजर हलवत नसे.

"आणि तुमच्या बरगड्या मोडलेल्या. हात वर जात नाही तुमचा."

मी म्हटलं, त्या वेळी गेला.

तो कॅमेऱ्यातल्या चिपसाठी जीव टाकतोय. ती सापडत नाही. म्हणतो, ती असती तर मुलीच्या गळ्यावरचा हात ज्यूरीला ढळढळीत दिसला असता आणि तुम्ही घरी गेला असता. मी म्हटलं, धांदलीत शेकोटीत पडली असेल. तो डोकं धरून बसला. मला त्याची दया आली.

दिसला असता गं. त्याचा हात कुठे असतो ते अख्ख्या जगाने नीट बघावं, यासाठी मी काय काय केलं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पण कॅमेरा एका फोटोवर थांबत नाही, जो. तो काढतच राहतो. लोकांनी एक बघितला की त्यांना पुढचा बघायचा असतो.

सेडीला गळ्याभोवती काही घालू नकोस, मफलरसुद्धा नको. थंडी वाजली तर वाजू दे. फोटो काढू नकोस दोघींचे, वर्षभर तरी.

ब्रिनला जवळ घेऊन झोप. पोर धक्क्यात आहे, ती तुला वेगळंच काही सांगायला लागेल. ऐकून घेऊ नकोस. तिला म्हण, आईने मारलं. ती नाही म्हणेल. पुन्हा म्हण. तिची वेणी घालताना म्हण, ताटात वाढताना म्हण, शाळेत सोडताना म्हण. ती चिडेल, किंचाळेल, तुला मारायला धावेल, तरी तेच म्हण. तिला तसंच आठवायला लागेपर्यंत म्हणत राहा.

तुझी,
डार्ला